‘माझ्या संगणकावर तर चालते!’



संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी एक वाक्य हमखास ऐकू येते: “सर, माझ्या संगणकावर तर चालते!” आज्ञावली दुसऱ्याच्या संगणकावर नेली, ती रुसून बसली, की हे वाक्य उच्चारले जाते, आणि ते अशा सुरात की दोष जणू त्या दुसऱ्या संगणकाचा आहे. माझे मत याच्या उलट आहे. जी आज्ञावली केवळ लिहिणाऱ्याच्या संगणकावर चालते ती अपुरी आहे, असे मी मानतो. असे का, ते या लेखात सांगतो; तुम्हाला पटते का ते पाहा.

प्रथम हे पाहू की दुसऱ्या संगणकावर बिघडते तरी काय. संगणकाचे यंत्र आणि आपली आज्ञावली यांच्यामध्ये एक कारभारी असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. फाइल उघड, पडद्यावर अक्षर काढ, वेळ किती झाली ते सांग, ही सारी कामे आज्ञावली स्वतः करीत नाही. ती कारभाऱ्याला सांगते. विंडोज, लिनक्स, मॅक-ओएस, फोनमधील अँड्रॉइड आणि आयओएस हे असे निरनिराळे कारभारी होत. काम तेच असले तरी प्रत्येकाला ते सांगण्याची रीत वेगळी आणि प्रत्येकाच्या सवयीही वेगळ्या.

आपल्या जिल्ह्यातील माणसाला हे समजायला कठीण नाही. कारंज्याहून मूर्तिजापूरला जाणारी ‘शकुंतला’ ही गाडी ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून धावत असे. वाशिमवरून जाणारा अकोला-पूर्णा मार्ग कित्येक वर्षे १००० मिलिमीटरचा, म्हणजे मीटरगेज होता. आणि मुंबई-नागपूर मार्गाचे रूळ १६७६ मिलिमीटरचे. कापूस एकच, पण कारंज्याचा डबा मुंबईच्या रुळांवर चढू शकत नसे. मूर्तिजापूरला माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. संगणकाच्या जगातही माल एकच असतो आणि रूळ निराळे असतात.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, मानोऱ्याच्या एका विद्यार्थिनीने सोयाबीनचा हिशेब करणारी आज्ञावली लिहिली. दाण्यांचे वजन आणि ओलावा दिला की १२ टक्के ओलाव्याला ते वजन किती भरेल, हे ती सांगते. गणित सोपे आहे. १४ टक्के ओलाव्याच्या १०० किलो सोयाबीनमध्ये कोरडा भाग ८६ किलो. हाच कोरडा भाग १२ टक्के ओलाव्याच्या मालात ८८ टक्के असायला हवा. म्हणून ८६ ला ०.८८ ने भागायचे. उत्तर सुमारे ९७.७ किलो. हे गणित कोणत्याही संगणकावर सारखेच येते. पण तिने त्यासोबत शेतकऱ्याचे नाव, तारीख आणि वजन एका फाइलीत साठवायची सोय केली. घरच्या विंडोज संगणकावर सर्व सुरळीत चालले. मग ती आज्ञावली शाळेतील लिनक्सच्या संगणकावर नेली, आणि अडचणींची मालिका सुरू झाली.

पहिली अडचण फाइलीच्या नावाची. फाइलीला इंग्रजी नाव देताना तिने पहिले अक्षर मोठ्या लिपीतले ठेवले होते, आज्ञावलीत मात्र तेच नाव सगळे लहान लिपीत लिहिले. विंडोज सामान्यतः या दोहोंत भेद करीत नाही. लिनक्सच्या लेखी ती दोन वेगळी नावे आहेत. तो म्हणाला, “अशी फाइल येथे नाही.”

दुसरी अडचण ओळीच्या शेवटाची, आणि तिचे मूळ मोठे गमतीचे आहे. जुन्या टेलिप्रिंटर यंत्रावर ओळ संपली की दोन कामे करावी लागत: छपाईची गाडी पुन्हा डाव्या टोकाला आणणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे. या दोन कामांसाठी दोन स्वतंत्र खुणा होत्या. विंडोजने एमएस-डॉसकडून वारसा घेतला आणि ओळीच्या शेवटी आजही दोन्ही खुणा ठेवल्या. युनिक्स आणि त्याच्याच घराण्यातील लिनक्स यांनी फक्त दुसरी ठेवली. जुन्या मॅकिंटॉशने फक्त पहिली ठेवली होती. टेलिप्रिंटर इतिहासजमा झाले, पण त्यांच्या खुणा तुमच्या फाइलीत अजून जिवंत आहेत. म्हणून विंडोजवर लिहिलेली ओळ लिनक्सवरील आज्ञावली वाचते तेव्हा शेवटच्या शब्दाला एक अदृश्य शेपूट चिकटलेले राहू शकते. डोळ्यांना ‘हो’ दिसते. संगणकाला मात्र ते ‘हो’ नसते.

तिसरी अडचण तारखेची. संगणक तारीख पुष्कळदा एखाद्या ठरलेल्या दिवसापासून मोजतो. युनिक्स १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतो. विंडोज आपल्या फाइलींची वेळ १ जानेवारी १६०१ पासून मोजतो. एक्सेल या प्रसिद्ध आज्ञावलीचे उदाहरण तर फारच बोलके आहे. विंडोजवर तिची दिवसांची मोजणी १९०० सालापासून होई आणि जुन्या मॅकिंटॉशवर १९०४ पासून. दोहोंत १४६२ दिवसांचा फरक, म्हणजे चार वर्षे आणि एक दिवस. एकीकडचा नुसता आकडा उचलून दुसरीकडे ठेवला, तर ५ ऑक्टोबर २०२५ ला केलेली सोयाबीनची नोंद ६ ऑक्टोबर २०२९ ची होऊन बसेल! शालिवाहन शक आणि विक्रम संवत यांत १३५ वर्षांचे अंतर आहे हे तुम्हाला माहीत आहे. नुसते ‘२०८२ साल’ म्हटले तर ते कोणत्या गणनेतले, हे विचारावेच लागते. तोच प्रकार येथे आहे.

याच जातीची आणखी एक अडचण अंकांच्या क्रमाची. ४७ ही संख्या आपण कशी म्हणतो? सत्तेचाळीस, म्हणजे सात आधी, चाळीस नंतर. इंग्रजीत चाळीस आधी आणि सात नंतर. मोठी संख्या साठवताना संगणक तिचे तुकडे करतात. या तुकड्यांना बाइट म्हणतात. काही यंत्रे मराठीप्रमाणे लहान किमतीचा तुकडा आधी ठेवतात, तर काही इंग्रजीप्रमाणे मोठ्या किमतीचा. डॅनी कोहेन या शास्त्रज्ञाने १९८० मध्ये या दोन पक्षांना गलिव्हरच्या प्रवासातील नावे दिली. त्या गोष्टीत अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे यावरून दोन पक्ष लढतात. कोहेन यांचे म्हणणे असे की, कोणते टोक निवडले याला महत्त्व नाही, सर्वांनी एकच टोक निवडले पाहिजे.

चौथी अडचण मात्र आपल्या घरची आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. ती म्हणजे मराठीची.

संगणकाला अक्षरे ठाऊक नसतात, केवळ आकडे ठाऊक असतात. कोणत्या अक्षराला कोणता आकडा द्यायचा, याविषयी एकमत झाले तरच एकाचे लिखाण दुसऱ्याला वाचता येते. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाची संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. पुण्याच्या सी-डॅक या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने भारतीय भाषांसाठी पुष्कळ काम केले. पण बाजारात दुसरीच रीत फोफावली. इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर देवनागरीची चित्रे बसवलेले फॉन्ट आले. कृतिदेव या फॉन्टमध्ये ‘भारत’ असा शब्द टंकित केला, तर संगणकाच्या स्मृतीत प्रत्यक्षात एच, के, के, जे, आर ही पाच इंग्रजी अक्षरे साठतात. तो फॉन्ट असेपर्यंत पडद्यावर ‘भारत’ दिसते. फाइल अशा संगणकावर नेली की जेथे तो फॉन्ट नाही, तेथे उरतात ती पाच निरर्थक अक्षरे. दुसऱ्या कंपनीचा फॉन्ट लावला तर निराळाच गोंधळ. अशा फॉन्टांत टंकित झालेले मराठी लिखाण, कितीतरी पुस्तके, प्रश्नपत्रिका, संस्थांची कागदपत्रे, आज शोधता येत नाही की सरळ वाचता येत नाही. कागदाला वाळवी लागते हे आपल्याला दिसते. ही वाळवी दिसत नाही एवढेच.

यावर उपाय निघाला तो युनिकोडचा. जगातील सर्व लिप्यांतील प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला आकडा, मग संगणक कोणाचाही असो. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली आणि तिच्यात देवनागरीसाठी १२८ जागा राखल्या होत्या. त्यांची मांडणी ‘इस्की’च्या आधारे केलेली होती. विंडोज २००० मध्ये युनिकोडची देवनागरी आली. तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट प्रसिद्ध अक्षरकार प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखला होता, ही मराठी माणसाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

आता तुम्ही म्हणाल, “मग प्रश्न मिटला!” बराचसा मिटला, पण सगळा नाही. ‘वाशिम’ हा शब्द घ्या. आपल्या दृष्टीने अक्षरे तीन. युनिकोडच्या दृष्टीने खुणा पाच: व, काना, श, वेलांटी आणि म. लिनक्सवर प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ या रीतीने त्या साठवल्या तर १५ बाइट लागतात. विंडोज आतून वापरते त्या यूटीएफ-१६ रीतीने १० बाइट. शिवाय साठवताना वेलांटी ‘श’च्या नंतर असते, पण पडद्यावर ती ‘श’च्या आधी काढावी लागते. हे काम प्रत्येक सिस्टीम आपापल्या यंत्रणेने करते. ‘नावात दहापेक्षा जास्त अक्षरे नकोत’ असा नियम आज्ञावलीत घातला, तर ‘अक्षर’ म्हणजे नक्की काय मोजायचे, हे आधी ठरवायला हवे.

याहून नाजूक भानगड पुढेच आहे. ‘कऱ्हाळे’ हे आडनाव दोन प्रकारे साठवता येते. एकात खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरतात. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण एका रीतीने लिहिलेले नाव दुसऱ्या रीतीने शोधले तर सापडेलच याची खात्री नाही. ‘ॲसिड’मधील ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्यापूर्वी ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवावे लागे, आणि दोन्ही रीती आजही प्रचारात आहेत. आणि ‘ळ’? पहिलीच्या तक्त्यावर ‘ळ’ हा ‘ह’च्या पुढे असतो. युनिकोडच्या आकड्यांत तो ‘ल’च्या शेजारी आहे. त्यामुळे आज्ञावलीने नुसत्या आकड्यांवरून नावे लावली, तर ‘काळे’ हे ‘कावळे’च्या आधी येतील, मराठी क्रमाने ते नंतर यायला हवेत. या गोष्टी अमेरिकेत बसून आज्ञावली लिहिणाऱ्याच्या ध्यानात येणे अवघड आहे. त्या आपल्याच ध्यानात यायला हव्यात.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. “एवढी यातायात कशाला? सर्वांनी एकच सिस्टीम वापरावी. अकोला-पूर्णा मार्गही शेवटी ब्रॉडगेज केलाच ना?” होय, केला, या शतकाच्या पहिल्या दशकात, आणि वाशिमची सोयही झाली. पण रेल्वेचा मालक एक आहे आणि सर्व रुळांवर चालते ती गाडीच. संगणकाचे तसे नाही. खिशातल्या फोनला वीज जपून वापरायची असते, हवामानाचे गणित करणाऱ्या महासंगणकाला प्रचंड वेग हवा असतो आणि शाळेला स्वस्त यंत्र हवे असते. शिवाय एकाच वाणावर सारे शिवार पेरण्याचा धोका शेतकऱ्याच्या मुलांना मी काय सांगावा? १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक आज्ञावलीतील एका सदोष बदलामुळे जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. विमानसेवा आणि रुग्णालयांची कामे अडली. लिनक्स आणि मॅकच्या संगणकांना त्या बदलाची झळ पोचली नाही. सर्वत्र एकच सिस्टीम असती तर काय झाले असते, याची कल्पना करा.

दुसरा उपाय सुचवतात तो मधल्या थराचा. १९९५ मध्ये आलेल्या जावा भाषेने प्रत्येक सिस्टीमवर एक काल्पनिक यंत्र उभे केले. आज्ञावली त्या यंत्रासाठी लिहायची, म्हणजे ती सर्वत्र चालते. आज ब्राउझर हेच काम करतो. हा मार्ग चांगला आहे आणि मी तो नाकारीत नाही. पण मधल्या थराला स्मृती आणि वेळ लागतो, जुन्या स्वस्त फोनला तो जड जातो, आणि ‘कऱ्हाळे’ शोधायचे कसे हे तो आपण होऊन ठरवीत नाही. विचार लिहिणाऱ्यालाच करावा लागतो.

मग करायचे काय? याचे उत्तर आपल्याच गावाच्या इतिहासात सापडते. वाशिमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ या शके ११०५ म्हणजे इ. स. ११८३ च्या ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरील स्थळे सांगितली आहेत. त्यांत उज्जयिनीबरोबर वत्सगुल्माचे नाव आहे. आजच्या मोजणीने उज्जैन सुमारे ७५.८ आणि वाशिम सुमारे ७७.१ पूर्व रेखांशावर येते. दोहोंच्या मध्यान्हात पाच मिनिटांचे अंतर पडते, म्हणजे दोन्ही गावे काटेकोरपणे एका रेषेवर नाहीत. पण मुद्दा त्या रेषेमागील कल्पनेचा आहे. प्रत्येक गावाचे मध्यान्ह निराळे असते. ते एक करणे कोणाच्याच हाती नाही. ज्योतिर्गणितज्ञांनी सर्वमान्य अशी एक रेषा ठरवली, मूळ गणित तिच्यासाठी केले, आणि आपल्या गावाचे उत्तर काढण्यासाठी ‘देशांतर’ नावाचा छोटा संस्कार शेवटी लावला. आजही आपण हेच करतो. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे. वाशिमला सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीने बारा वाजून २१-२२ मिनिटांनी, तरी आपल्या शाळेची घंटा आणि दिल्लीची गाडी यांत घोटाळा होत नाही.

चांगली आज्ञावली याच रीतीने बांधलेली असते. मूळ गणित एका भागात. त्यात सिस्टीमचा उल्लेखही नसतो. फाइल, पडदा, वेळ यांच्याशी येणारा संबंध दुसऱ्या छोट्या भागात. सिस्टीम बदलली की तेवढाच भाग बदलायचा. युनिक्स ही सिस्टीम १९७३ मध्ये सी भाषेत पुन्हा लिहिली गेली आणि त्यामुळे ती पुढे निरनिराळ्या यंत्रांवर नेणे सोपे झाले, ते याच तत्त्वाने. १९८८ मध्ये ‘पॉझिक्स’ नावाचे मानक तयार झाले. कारभाऱ्याला काम सांगण्याची सर्वमान्य रीत त्यात लिहून ठेवली आहे. अशी मानके ही आजची मध्यरेषा होय.

मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून शेवटी माझ्या विषयातला एक नियम सांगतो. लंबकावरून काढलेली गुरुत्वत्वरणाची किंमत एकाच प्रयोगशाळेत, एकाच माणसाला, एकाच घड्याळाने मिळत असेल, तर तिला आम्ही शास्त्र म्हणत नाही. दुसऱ्याने दुसऱ्या उपकरणांनी प्रयोग केला आणि तरी तीच किंमत आली, तेव्हाच ती मान्य होते. “माझ्या लंबकावर तर येते!” हे उत्तर आम्ही स्वीकारीत नाही. मग आज्ञावलीच्या बाबतीत ते का स्वीकारावे?

म्हणून माझी एक सूचना आहे. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात संगणकाचा प्रकल्प तपासताना तो किमान दोन निरनिराळ्या सिस्टीमवर चालवून पाहावा आणि मगच गुण द्यावेत. त्यांपैकी एक साधा, जुना अँड्रॉइड फोन असावा. कारण माझ्या वर्गातील बहुतेक मुलांजवळ तेवढेच यंत्र असते. त्यावर चालत नसलेली आज्ञावली त्यांच्यासाठी लिहिलीच गेली नाही, असा तिचा अर्थ होतो. याला वेळ लागेल, श्रमही पडतील, हे मला मान्य आहे. पण जे श्रम लिहिणारा एकदा करणार नाही, ते वापरणाऱ्या शंभर जणांना शंभर वेळा करावे लागतात.

तुम्ही स्वतः आजपासून तीन गोष्टी करू शकता. मराठी लिहाल ते युनिकोडमध्येच लिहा. तारीख लिहिताना वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, २०२५-१०-०५ अशी लिहा. हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यात घोटाळ्याला जागा नाही. आणि आज्ञावली पूर्ण झाली असे जाहीर करण्यापूर्वी ती आपल्याहून निराळा संगणक असलेल्या मित्राकडे किंवा मैत्रिणीकडे द्या, आणि शेजारी बसून तोंड न उघडता पाहत राहा. कोठे अडते ते वहीत लिहून घ्या. ती यादी हाच तुमचा पुढचा अभ्यास.